आठवण हरवते, तेव्हा माणूस हरवतो का?

सकाळची वेळ आहे. चहा झाला आहे. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आहेत आणि त्यांनी विचारले, "आज वार कोणता?" तुम्ही सांगितले, गुरुवार. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. तुम्ही पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा तुमचा आवाज चढला, "बाबा, किती वेळा सांगू?" चौथ्यांदा त्यांनी विचारले नाही. ते खाली मान घालून बसून राहिले.

आता आवाज चढवल्याचे तुम्हाला वाईट वाटते आहे. पण उद्या पुन्हा असेच होईल, हेही तुम्हाला माहीत आहे.

समजा, सहा महिन्यांपूर्वी बाबांना स्ट्रोक झाला होता. हात-पाय बऱ्यापैकी सुधारले. नातेवाईक फोनवर म्हणतात, "देवाची कृपा, चालायला तरी लागले." पण घरातल्यांना आणखी काही दिसते आहे. सुट्टे पैसे मोजताना ते अडखळतात. वर्तमानपत्र हातात धरतात, पण पान उलटत नाहीत. बोलता बोलता वाक्य मध्येच हरवते.

अशा वेळी फोनवर एक संदेश येतो: 'कोलेस्टेरॉलची गोळी स्मरणशक्ती खाते. मेंदू कोलेस्टेरॉलचाच बनलेला आहे. आजच गोळी बंद करा.' आणि घरातले एखादे वडीलधारे म्हणतात, "शरीर नाशवंत आहे. कशाला त्याला एवढ्या गोळ्यांचा मारा?"

तुम्ही गोंधळता. गोळी चालू ठेवावी की थांबवावी? आणि त्याहून खोल एक प्रश्न मनात असतो, जो कोणाला विचारताही येत नाही: समोर बसलेले हे माझेच बाबा आहेत का?

या लेखात आपण हे दोन्ही प्रश्न एकत्र पाहू या. कारण ते वरून वेगळे दिसले, तरी त्यांचे मूळ एकच आहे.

मेंदूत नेमके काय घडते?

बहुतेक स्ट्रोक मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी बंद पडल्यामुळे होतात. काही वाहिनी फुटून रक्तस्राव झाल्याने होतात. रक्तपुरवठा थांबला की पेशी फार वेगाने मरू लागतात. मोठी वाहिनी बंद पडल्यावर उपचार न मिळाल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला होता.

ज्या भागाचे नुकसान झाले, त्या भागाचे काम अडते. हात हलवणारा भाग असेल तर हात लुळा पडतो, आणि ते सर्वांना दिसते. पण नियोजन करणे, लक्ष टिकवणे, शब्द शोधणे, नवी गोष्ट लक्षात ठेवणे ही कामे करणाऱ्या भागांना इजा झाली, तर ती बाहेरून दिसत नाही. म्हणून घरच्यांना वाटते, "मुद्दाम करतात", "लक्षच देत नाहीत", "पूर्वी असे नव्हते". ही जखमच आहे. फक्त तिच्यावर पट्टी बांधलेली नसते.

ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून तपासले. पहिल्या स्ट्रोकनंतर साधारण दहांपैकी एका व्यक्तीला नव्याने स्मृतिभ्रंशाचा आजार जडतो, असे त्यात आढळले. स्ट्रोक पुन्हा झाला, तर हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक होते. विस्मरणाचा सौम्य त्रास तर याहून कितीतरी अधिक जणांना होतो.

यातला एक धडा नीट लक्षात घ्या. एकदा झालेली जखम पुसता येत नाही, पण पुढचा स्ट्रोक टाळण्यासाठी पुष्कळ काही करता येते. उरलेली स्मृती जपण्याचा सर्वात खात्रीचा मार्ग तिथूनच जातो. कोलेस्टेरॉलचा प्रश्न इथे येतो.

अर्धे सत्य आणि एक छोटी गोळी

त्या संदेशात सांगितलेले सगळेच खोटे नाही, म्हणून तर तो धोकादायक आहे. मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्केच असते, पण शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी जवळपास पाचवा हिस्सा मेंदूत असतो. चेतातंतूंवरचे संरक्षक आवरण मोठ्या प्रमाणात त्यापासूनच बनते.

संदेशात न सांगितलेली गोष्ट अशी, की मेंदू आपले कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक बारीक गाळणी असते, आणि रक्तातले कोलेस्टेरॉल ती ओलांडून आत जात नाही. म्हणून तपासणीच्या कागदावर ज्याचा आकडा वाढलेला दिसतो, ते 'एलडीएल' मेंदूचे अन्न नव्हे. ते रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर साठते, वाहिन्या अरुंद करते आणि एखाद्या दिवशी वाट अडवते. २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली. मध्यम वयातले वाढलेले एलडीएल त्या यादीत त्या वर्षी नव्याने आले.

हे एलडीएल कमी करणाऱ्या औषधांना स्टॅटिन म्हणतात. अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाने हजारो बुरशा तपासून १९७३ मध्ये या गटातला पहिला पदार्थ शोधला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, नुकताच स्ट्रोक किंवा त्याचा छोटा झटका येऊन गेलेल्या ४७३१ रुग्णांना सुमारे पाच वर्षे पाहिले गेले. गोळी न मिळालेल्या शंभरांपैकी सुमारे १३ जणांना पुन्हा स्ट्रोक झाला, गोळी मिळालेल्या शंभरांपैकी सुमारे ११ जणांना. फरक लहान वाटतो. पण त्या दोन माणसांच्या घरी जाऊन पाहा, तो लहान वाटणार नाही. त्याच चाचणीत मेंदूतील रक्तस्राव मात्र गोळी घेणाऱ्यांमध्ये थोडे अधिक आढळले. म्हणून ज्यांचा स्ट्रोक रक्तस्रावाचा होता, त्यांच्या बाबतीत डॉक्टर वेगळा विचार करतात.

आणि विस्मरण? अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ मध्ये या गोळ्यांच्या माहितीपत्रकात विस्मरण आणि गोंधळ यांची नोंद घालायला लावली, हे खरे आहे. अशा तक्रारी साधारणपणे गंभीर नव्हत्या आणि गोळी थांबवल्यावर त्या दूर होत होत्या, हेही तिथेच लिहिले होते. ज्या मोठ्या चाचण्यांत स्मरणशक्ती मोजली गेली, त्यांत गोळीमुळे बुद्धी मंदावल्याचे दिसले नाही. दुसऱ्या बाजूने, गेलेली आठवण गोळीने परत येते असेही नाही. तिचे काम पुढचा आघात टाळण्यास मदत करण्याचे आहे.

मग शंका आली तर काय करायचे? डॉक्टरांना स्पष्ट विचारायचे. "गोळी सुरू झाल्यापासून बाबा अधिक गोंधळलेले वाटतात" असे सांगायचे. मात्रा बदलता येते, औषध बदलता येते. आपल्या मनाने गोळी बंद करणे, आणि तेही ज्यांना स्वतःचे बरे-वाईट नीट सांगता येत नाही अशा माणसाची, ही छोटी गोष्ट नाही. तो दुसऱ्याच्या आयुष्याबद्दलचा निर्णय आहे. एखाद्या अनोळखी संदेशाच्या भरवशावर तो घेणे म्हणजे आपली जबाबदारी सोडून देणे होय.

दोन टोके, एकच चूक

आता त्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्याकडे वळू या. "शरीर नाशवंत आहे, आत्मा अमर आहे. मग औषधांचा एवढा आग्रह कशाला?"

याच्या अगदी उलट बोलणेही आपण ऐकतो. "आता बाबा राहिलेच कुठे? नुसते शरीर उरले आहे." हे बोलणारा सहसा दुष्ट नसतो. तो थकलेला असतो.

एक म्हणतो, शरीराला किंमत नाही. दुसरा म्हणतो, आता शरीराशिवाय काही उरलेच नाही. वाटा विरुद्ध दिसतात, पण दोघेही माणसाचे दोन तुकडे करतात आणि एक तुकडा फेकून देतात. परिणामही एकच होतो: खुर्चीत बसलेल्या माणसाची काळजी कमी होते.

कठोपनिषदात रथाचा एक प्रसिद्ध दृष्टांत आहे. शरीर हा रथ, इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम, बुद्धी ही सारथी आणि आत्मा हा रथात बसलेला स्वामी. हा दृष्टांत आपण पुष्कळदा ऐकलेला असतो. तो आज बाबांसमोर बसून पुन्हा आठवा.

स्ट्रोकमध्ये रथाला तडा गेला आहे. लगाम सैल पडला आहे. सारथ्याला वाट नीट दिसत नाही. पण स्वामी रथातून उतरून गेलेला नाही. रथ नीट चालत नाही म्हणून आत कोणी नाही, असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो?

आणि स्वामी रथाहून वेगळा आहे म्हणून रथाची चाके मोडू द्यावीत, असेही तो दृष्टांत सांगत नाही. उलट प्रवास पूर्ण करायचा तर रथ धड हवा. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'त, कठोर तप करणाऱ्या पार्वतीला ब्रह्मचाऱ्याच्या वेषात आलेले शिवही हेच सुचवतात, की धर्माचे पहिले साधन शरीर आहे. तपाच्या ऐन प्रसंगी शरीराची आठवण करून दिली जाते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

म्हणून रात्रीची गोळी आठवणीने देणे, रक्तदाब मोजून वहीत लिहिणे, आमटीत मीठ कमी घालणे, संध्याकाळी हात धरून अंगणात दहा फेऱ्या मारणे, ही 'केवळ शरीराची' कामे नाहीत. मन ज्या घरात राहते, त्या घराची ही देखभाल आहे. पूजेइतक्याच निष्ठेने ती केली, तर तीही पूजाच होते.

स्मृतिभ्रंश नेमका कोणाचा?

मराठीत आपण या आजाराला 'स्मृतिभ्रंश' म्हणतो. हाच शब्द भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतो, आणि तिथे तो कोणत्याही आजाराबद्दल नाही. तिथे क्रम सांगितला आहे: क्रोधातून मोह होतो, मोहातून स्मृती ढळते, स्मृती ढळली की बुद्धी नष्ट होते आणि बुद्धी गेली की माणसाचा नाश होतो.

आता सकाळचा प्रसंग पुन्हा पाहा. बाबा वार विसरले. त्यांच्या मेंदूला इजा झाली आहे, त्यांचा इलाज नाही. पण तिसऱ्या प्रश्नाला आपला आवाज चढला, त्या क्षणी आपण काय विसरलो? याच माणसाने आपल्याला हजार वेळा विचारलेल्या प्रश्नांची हजार वेळा उत्तरे दिली होती, हे विसरलो. ते आजारी आहेत, हे विसरलो. आपण स्वतः कसे माणूस होऊ इच्छितो, तेही विसरलो.

त्या खोलीत दोन स्मृतिभ्रंश होते. एक औषधांनी आणि काळजीने जेमतेम थोपवता येतो. दुसरा थोपवणे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. एक दीर्घ श्वास, क्षणभराची थांबणूक, आणि मग उत्तर: "आज गुरुवार, बाबा."

हे लिहिणे सोपे आहे, रोज करणे कठीण आहे. एखाद्या दिवशी चुकाल. चुकलात तर त्यांच्या हातावर हात ठेवा. काय घडले ते त्यांना कदाचित आठवणार नाही, पण ते घडून गेल्यावर मागे राहिलेली भावना बराच वेळ टिकते. रागाची टिकते, तशी मायेचीही टिकते.

आतून पाहिलेला स्ट्रोक

आत कोणी आहे की नाही, याचे उत्तर देणारी माणसे आपल्यात आहेत. डॉ. जिल बोल्ट टेलर या अमेरिकेतल्या मेंदूशास्त्रज्ञ. डिसेंबर १९९६ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्यांच्याच मेंदूत रक्तस्राव झाला. त्याचे कारण जन्मापासूनचा रक्तवाहिन्यांतील दोष होता, कोलेस्टेरॉल नव्हे. पण नंतरची अवस्था इथे उपयोगी आहे. त्यांना बोलता येत नव्हते, वाचता येत नव्हते, स्वतःचा भूतकाळ आठवत नव्हता. पूर्ण सावरायला आठ वर्षे लागली. मग त्यांनी तो अनुभव लिहिला.

त्या सांगतात, की शब्द कळत नसले तरी खोलीत येणारे माणूस कसे आले आहे, हे त्यांना कळत होते. कोण घाईत आहे, कोण शांत आहे, कोण मनापासून जवळ आले आहे. त्यांची आई आली ती थेट त्यांच्या अंथरुणात शिरली आणि तिने त्यांना कुशीत घेतले. ही आपली आई आहे, हे त्या वेळी त्यांना आठवत नव्हते. पण ती माया पोहोचली.

ऐकू येत असताना मोठ्याने ओरडू नका, हळू आणि स्पष्ट बोला, उत्तरासाठी थांबा, मला मूर्ख समजू नका, मी जखमी आहे: त्यांच्या अपेक्षा साधारण अशा होत्या. आपल्या घरातल्या खुर्चीतून हेच मागणे शब्दांशिवाय येत असते.

दोष कोणाचा?

अशा घरात आणखी एक गोष्ट शिरते. "तूप फार खायचे", "फिरायला जा म्हटले तर ऐकायचे नाहीत", आणि कधी कधी, "ज्याचे त्याचे कर्म".

खाण्या-पिण्याचा आणि व्यायामाचा परिणाम होतो, यात शंका नाही. पण शरीरातले बरेचसे कोलेस्टेरॉल यकृतच तयार करते, आणि ते किती तयार करायचे यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो. सडपातळ, शाकाहारी, नियमाने चालणाऱ्या माणसाचाही आकडा वाढलेला असू शकतो. मग निवाडा कशावर करायचा?

कर्माचा सिद्धान्त दुसऱ्याचे दुःख तोलण्यासाठी दिलेला तराजू नाही. माझ्यासमोर आत्ता जे आले आहे, त्याला मी कसे सामोरे जातो, हे पाहण्यासाठी तो आहे. बाबांचा स्ट्रोक हे त्यांचे कोणते कर्म, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांच्या स्ट्रोकनंतर आपण कसे वागलो, हे मात्र निश्चितच आपले कर्म आहे.

आणि सेवा ही एकाच व्यक्तीच्या खांद्यावर टाकायची गोष्ट नाही. पुष्कळ घरांत सगळा भार आईवर किंवा सुनेवर पडतो, आणि बाकीचे लांबून तिच्या त्यागाचे कौतुक करतात. तिला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळावी, रात्री झोप मिळावी, हे पाहणे कौतुकापेक्षा मोठे पुण्य आहे.

आजपासून काय करता येईल?

- गोळी आपल्या मनाने थांबवू नका. शंका वहीत लिहा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा. महाग पडत असेल तर तसे मोकळेपणाने सांगा. ही औषधे जनौषधी केंद्रांतही कमी दरात मिळतात.
- विस्मरणाची इतर कारणे तपासून घ्या. बी-१२ ची कमतरता (शाकाहारी घरांत विशेष), थायरॉईड, रक्तातले सोडियम, लघवीचा संसर्ग, कमी ऐकू येणे, झोपेत श्वास अडणे यांनीही गोंधळ वाढतो, आणि यांतल्या बहुतेकांवर उपचार आहेत.
- उदासीनतेकडे लक्ष द्या. स्ट्रोकनंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येते. कारण नसताना रडू येणे किंवा गप्प राहणे हा हट्ट नसून आजाराचा भाग असू शकतो.
- रक्तदाब, साखर आणि तंबाखू. फक्त कोलेस्टेरॉलकडे पाहू नका. स्ट्रोकच्या कारणांत उच्च रक्तदाब सर्वात पुढे आहे.
- निर्णयात त्यांना सामील करा. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी 'ते' म्हणून बोलू नका. "निळा सदरा की पांढरा?" एवढा छोटा पर्यायही माणसाला माणूसपण देतो.
- ओळखीचे ते रोज द्या. जुने भजन, ओळखीची आरती, जुने फोटो. नवे विसरणारी माणसे पुष्कळदा जुना सूर बरोबर पकडतात.
- पुन्हा लक्षणे दिसली तर थांबू नका. चेहरा वाकडा होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे. लगेच १०८ वर फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि जितके लवकर तितके चांगले.
- स्वतःची तपासणी करा. तुम्ही चाळिशीत असाल तर तुमचे एलडीएल आणि रक्तदाब किती आहे, हे तुम्हाला माहीत हवे. उद्या तुमची खुर्ची तुमच्या मुलांच्या घरात असेल.

शेवटी

तर मग समोर बसलेले हे माझेच बाबा आहेत का?

आठवणी म्हणजेच माणूस असता, तर रोज रात्री गाढ झोपेत आपण सगळेच नाहीसे झालो असतो. पाळण्यातल्या बाळाला काहीच आठवत नाही, तरी आपण त्याला पूर्ण माणूस मानतो आणि त्याच्यासाठी रात्र रात्र जागतो. बाबांसाठी नियम वेगळा का असावा?

कदाचित असा एक दिवस येईल, की त्यांना तुमचे नाव आठवणार नाही. पण ते कोण आहेत, हे तुम्हाला आठवत असेल. दोघांमधल्या नात्याची आठवण तेव्हा एकाला दोघांसाठी सांभाळावी लागेल. तुम्ही लहान होतात, तुम्हाला काहीच कळत नव्हते, तेव्हा ती त्यांनी एकट्याने सांभाळली होती.

आज रात्री गोळी देताना पाण्याचा पेला घाईने पुढे करू नका. क्षणभर शेजारी बसा. त्यांच्या डोळ्यांत पाहा. आणि उद्या सकाळी त्यांनी वार विचारला, की पहिल्यांदाच विचारत आहेत असे समजून सांगा.